प्रकरण सातवे : उलट चालणारी लाट

पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान आमच्या नैयायिकांनी शतकानुशतके घोटून पक्के केले आहे. आणि महामार्गावर मोटारींची रांग अडलेली दिसली की पुढे काही तरी घडले असलेच पाहिजे, हे अनुमान प्रत्येक मोटारचालक तितक्याच सहजतेने करीत असतो. ट्रक उलटला असेल, दरड कोसळली असेल, रस्त्याचे काम निघाले असेल, निदान एखाद्या मंत्र्याची स्वारी तरी जात असेल, अशा तर्कवितर्कांत दहापंधरा मिनिटे निघून जातात. मग रांग हलू लागते, वेग वाढतो, आणि जेथे कोंडीचे मूळ असावयास हवे होते ते स्थळ केव्हा मागे पडले हेही कळत नाही, कारण तेथे पाहण्याजोगे काही नसतेच. ना काचांचा चुरा, ना पोलीस, ना खड्डा. धूर होता, पण अग्नी नव्हता. अशा निष्कारण भासणाऱ्या कोंडीचे कारण हुडकून काढण्यासाठी, आणि ते हाती लागल्यावर तिचा बंदोबस्त करण्यासाठी, भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, मोटारींचे कारखानदार आणि निरनिराळ्या देशांची रस्तेखाती यांनी गेल्या सुमारे सत्तर वर्षांत जो उद्योग केला, त्याची ही हकीकत आहे.

या उद्योगातील अत्यंत साधा, आणि म्हणूनच अत्यंत निर्णायक, प्रयोग जपानमध्ये नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा व त्यांचे सहकारी यांनी केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. सपाट जागेवर २३० मीटर परिघाचे एक वर्तुळ आखून त्यांनी त्यावर २२ मोटारी जवळजवळ समान अंतराने उभ्या केल्या आणि चालकांना एवढेच सांगितले की, ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने, पुढल्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखून, फिरत राहावे. वर्तुळाला आरंभ नाही की शेवट नाही. त्यावर चौक नव्हता, चढ नव्हता, अरुंद पूल नव्हता, दोन रस्त्यांचा संगम नव्हता. तात्पर्य, कोंडीची जी म्हणून कारणे वाहतूक खात्याच्या दप्तरी नोंदलेली असतात त्यांपैकी एकही तेथे शिल्लक ठेवलेले नव्हते. प्रारंभी गाड्या सुरळीत फिरल्या. परंतु थोड्याच वेळात एकाचा वेग किंचित कमी झाला, त्याच्या मागच्याने जरा अधिक ब्रेक लावला, त्याच्याही मागच्याने आणखी, आणि बघता बघता काही गाड्या संपूर्ण थांबल्या. ही थांबलेल्या गाड्यांची गाठ मग एका जागी राहिली नाही. गाड्या ज्या दिशेने जात होत्या तिच्या नेमक्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने, ती वर्तुळावरून सरकू लागली. प्रत्येक गाडी तीत मागून शिरे, क्षणभर अडके आणि पुढून सुटे. गाड्या बदलत, गाठ कायम राही. चालकांपैकी एकालाही दोषी धरता आले नसते, आणि या प्रयोगाचे खरे महत्त्व माझ्या मते याच गोष्टीत आहे. कारण कोंडी दिसताच पुढल्या कोणा अज्ञात मूर्खाला शिव्या देण्याचा जो आपला शिरस्ता आहे, तो या बावीस गाड्यांनी निराधार ठरविला.

असे का व्हावे? डोळ्याने पाहणे, मेंदूने ठरविणे आणि पायाने ब्रेक दाबणे एवढ्या व्यवहारात मनुष्याचा सुमारे एक सेकंद जातो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार तेवढ्या अवधीत जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. पुढल्याने वेग किंचित उतरविला हे मागच्याला उमगेपर्यंत दोघांमधील अंतर आधीच घटलेले असते. ते भरून काढण्यासाठी त्याला पुढल्यापेक्षा अधिक वेग उतरवावा लागतो, तिसऱ्याला त्याहून अधिक, आणि अशा रीतीने विलंबावर विलंब चढत जाऊन पंधराव्या-विसाव्या गाडीपाशी त्या मूळच्या क्षुल्लक संकोचाचे संपूर्ण थांबण्यात रूपांतर होते. रस्ता विरळ असेल तर हा धक्का मधल्या मोकळ्या जागेत जिरून जातो. परंतु गाड्यांची दाटी एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की तो जिरत नाही, उलट वाढतच जातो. वाऱ्याची झुळूक ज्वारीच्या उभ्या पिकावरून जाते तेव्हा लाट शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत पोचते आणि ताटे मात्र जागच्या जागी असतात. कोंडीचेही तसेच आहे, ती गाड्यांची बनलेली असली तरी कोणत्याही विशिष्ट गाड्यांची बनलेली नसते.

तिचा उलटा वेगही कोणासही साध्या हिशेबाने काढता येईल. थांबलेल्या रांगेत एका गाडीने, तिच्या लांबीसकट आणि पुढे सोडलेल्या जागेसकट, साधारण साडेसात मीटर व्यापलेले असतात, आणि रांगेच्या तोंडाशी असलेल्या गाड्या एकामागून एक सुमारे पावणेदोन सेकंदांनी सुटतात. म्हणजे दर पावणेदोन सेकंदांनी रांगेचे तोंड साडेसात मीटर मागे हटते. याचा ताशी वेग पंधरा किलोमीटरच्या आसपास भरतो. निरनिराळ्या देशांतील महामार्गांवर प्रत्यक्ष मोजलेल्या लाटा ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने मागे सरकताना आढळतात. जर्मन चालक काय, जपानी चालक काय, थांबल्यावर गाडी पुन्हा हलविण्यास दोघांना लागणारा वेळ फारसा निराळा नसतो, हेच त्यावरून दिसते.

या लाटेचे पहिले पद्धतशीर गणित इंग्लंडात जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम यांनी १९५५ साली मांडले. मौज अशी की त्यांनी एकाच वेळी दोन निबंध लिहिले होते, पहिला लांबच लांब नद्यांतील पुराविषयी आणि दुसरा लांबच लांब गजबजलेल्या रस्त्यांविषयी. आणि दोहोंचे गणित मूलतः एकच होते. परंतु निर्माण झालेली लाट कशी पसरेल एवढेच हे गणित सांगत असे, ती आपोआप जन्माला का येते हे सांगत नसे. तो प्रश्न अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत रॉबर्ट हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. मागचा चालक पुढल्याला कसा प्रतिसाद देतो हे मोजण्यासाठी त्यांनी चाचणीच्या रस्त्यावर दोन मोटारी एका तारेने जोडून चालविल्या आणि त्या तारेच्या लांबीत क्षणोक्षणी होणारा फरक नोंदून घेतला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सिद्धान्ताचे सार एका वाक्यात सांगता येते. चालक किती तीव्रतेने प्रतिसाद देतो आणि किती विलंबाने देतो, या दोन राशींचा गुणाकार अर्ध्याहून कमी असेल तर धक्का मागे जाता जाता विरतो, अर्ध्याहून अधिक असेल तर वाढत जातो. यातील मर्म वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुढील पुष्कळशा इलाजांची किल्ली तेथेच आहे: विलंब कमी करा, नाही तर तीव्रता कमी करा.

पहिला इलाज मात्र यंत्राने केला नाही, पहारेकऱ्याने केला. न्यूयॉर्क आणि जर्सी सिटी यांना हडसन नदीखालून जोडणारा हॉलंड बोगदा हा त्या काळी कोंडीसाठी कुप्रसिद्ध होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील बंदर-प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांनी अशी तजवीज केली की, दर दोन मिनिटांत एका मार्गिकेतून ४४ गाड्याच आत सोडावयाच्या आणि ती संख्या आधीच भरली तर उरलेल्या वेळापुरते पुढच्या गाडीला प्रवेशद्वारापाशी थोपवून धरावयाचे. चालकांना हा हुकूम जुलमी वाटला असेल, यात नवल नाही. परंतु अशा रीतीने दोन टोळ्यांमध्ये मोकळी जागा पडल्यामुळे एका टोळीत उठलेली लाट मागच्या टोळीपर्यंत पोचेनाशी झाली, आणि ताशी १,३२० गाड्या बोगद्यातून पार होऊ लागल्या. मोकळेपणाने सोडल्या तेव्हा त्याहून कमी जात होत्या. थांबविल्याने अधिक लोक पोचतात, हा विरोधाभास वाहतुकीच्या शास्त्रात तेव्हापासून पुन्हापुन्हा अनुभवास आलेला आहे.

पहारेकऱ्याचे हे काम पुढे वीज आणि संगणक यांच्याकडे गेले. लंडनभोवतालच्या एम-२५ या वर्तुळाकार महामार्गाच्या एका भागावर १९९५ साली बदलत्या वेगमर्यादेचे फलक लागले. रस्त्याखालील संवेदकांना दाटी जाणवली की मर्यादा आपोआप उतरे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील अभ्यासकांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. ए-१२ महामार्गावर त्यांनी नुसती दाटी न पाहता उलट सरकणारी लाटच संवेदकांच्या आधारे ओळखली, ती कोठे आणि केव्हा पोचेल याचा हिशेब केला, आणि तिच्या मागील नेमक्या तेवढ्या पल्ल्यात, नेमक्या तेवढ्या वेळेपुरती, मर्यादा ताशी ६० किलोमीटरवर आणली. मागून येणारा ओघ मंदावला म्हणजे लाटेला मागून नव्या गाड्या मिळेनाशा होतात, पुढून मात्र गाड्या सुटतच असतात, आणि त्यामुळे ती क्षीण होऊन नाहीशी होते. जपानमध्ये अडचण निराळ्या प्रकारची होती. तेथील द्रुतगती मार्ग डोंगराळ मुलुखातून जातात, आणि जेथे सौम्य उतार संपून सौम्य चढ लागतो तेथे चालकाच्या नकळत वेग घटतो. लाटेचे बीज तेथेच पडते. यावर तेथील अभियंत्यांनी रस्त्याच्या कडेने दिव्यांच्या माळा लावून त्यांतील प्रकाश पुढे पुढे पळता ठेवला, जेणेकरून चालकाने आपला वेग त्या धावत्या प्रकाशाशी जुळवून घ्यावा. हुकूम नाही, दंड नाही, केवळ सूचना. मला हा उपाय त्याच्या सौजन्यामुळे विशेष आवडतो.

आता गाडीच्या आतील यंत्रांकडे वळू. पुढल्या गाडीचे अंतर रडारने मोजून आपला वेग आपणच कमीजास्त करणारे क्रूझ कंट्रोल आज मध्यम किमतीच्या मोटारींतही मिळते, आणि यंत्र माणसासारखे पेंगत नाही, फोनकडे पाहत नाही, तेव्हा अशा गाड्या वाढल्या की लाटा आपोआप नाहीशा होतील, अशी पुष्कळांची भाबडी समजूत होती. ती खोटी ठरली. अमेरिकेतील संशोधकांनी दोन कंपन्यांच्या, बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या, सात प्रकारच्या मोटारींची बाराशेहून अधिक मैल चालवून परीक्षा घेतली. सातांपैकी एकही गाडी धक्का जिरविणारी निघाली नाही, सातही तो मागच्याकडे वाढवून देणाऱ्या निघाल्या. याचे कारण उघड आहे. रडारला फक्त लगतची पुढली गाडी दिसते, आणि तिचा वेग प्रत्यक्ष बदलल्यानंतरच दिसतो. त्या मोजमापाची खात्री करून घेण्यात यंत्राचाही काही काळ जातो, आणि उतारूंना हिसका बसू नये म्हणून कारखानदार प्रतिसाद मुद्दाम सावकाश ठेवतो. म्हणजे हर्मन यांनी सांगितलेला विलंब नाहीसा झालाच नाही; तो माणसाच्या मेंदूतून निघून यंत्राच्या पेटीत जाऊन बसला एवढेच.

येथे गाड्यांच्या परस्पर-संपर्काचे तंत्र उपयोगी पडते. पुढल्या गाडीच्या ब्रेकला आज्ञा मिळाली त्याच क्षणी तिने रेडिओवरून मागच्यांना वर्दी दिली, तर वेग घटण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. आणि ही वर्दी केवळ लगतच्याच नव्हे, तर चारपाच गाड्या मागे असलेल्यालाही एकदमच मिळते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी चार मोटारींच्या ताफ्यावर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत नुसत्या रडारवर चालणारा ताफा धक्का वाढविताना दिसला, तर रेडिओने जोडलेला तोच ताफा, गाड्या अधिक जवळ असूनही, तो धक्का जिरविताना दिसला. याच राज्यात १९९७ साली सॅन डिएगोजवळ आठ मोटारींचा एक ताफा, रस्त्यात पुरलेल्या लोहचुंबकांच्या मार्गदर्शनाने, कोणीही सुकाणूला हात न लावता चालवून दाखविण्यात आला होता. परंतु त्यासाठी रस्ता खास तयार करावा लागला होता, आणि सगळा रस्ता ज्यासाठी नव्याने बांधावा लागतो अशी योजना सरकारदरबारी फार काळ तग धरीत नाही. रेडिओला रस्ता खणावा लागत नाही. त्याला लहरींचा पट्टा मात्र लागतो, आणि तेथे दुसरेच राजकारण आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९९ साली गाड्यांच्या या संभाषणासाठी ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. वीस वर्षे कारखानदार आणि सरकार एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आणि २०२० साली आयोगाने त्यांतील ४५ मेगाहर्ट्झ काढून वाय-फायकडे वर्ग केले. गाडीला बोलावयास यावे यासाठी ऐकणारी दुसरी गाडीही असावी लागते, आणि अशी पहिली गाडी घेणाऱ्याला तिच्या बोलण्यापासून काहीच लाभ नसतो, ही या तंत्राची मूळची अडचण होती व आहे.

म्हणूनच अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे २०१६ साली झालेल्या प्रयोगाने अभ्यासकांना एवढा दिलासा दिला. सुगियामांचेच वर्तुळ तेथे २६० मीटर परिघाचे करून त्यावर वीस-बावीस गाड्या सोडण्यात आल्या; अपेक्षेप्रमाणे लाट उठली. त्यांपैकी एकच गाडी संगणकाच्या ताब्यात देण्याजोगी होती. ती त्याच्या ताब्यात जाताच तिने ताफ्याचा सरासरी वेग अजमावून स्वतः त्याच वेगाने जाण्याचा नेम धरला; पुढली गाडी झेपावली तर ही झेपावली नाही, मधले अंतर वाढू दिले; पुढली अडली तर वाढलेले अंतर खर्ची घातले, ब्रेक शक्यतो लावला नाही. थोड्याच वेळात संपूर्ण वर्तुळावरील लाट विरली, आणि ताफ्याचा एकूण इंधनखर्च काही चाचण्यांत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत घटला. विसांतील एका गाडीने उरलेल्या एकोणीस गाड्यांना, त्यांच्या चालकांना काहीही न सांगता, शिस्त लावली! मात्र वर्तुळावर ओव्हरटेक करता येत नव्हते, ही गोष्ट टाळ्या वाजविण्यापूर्वी लक्षात घेतली पाहिजे.

खऱ्या रस्त्यावरची परीक्षा २०२२ सालच्या नोव्हेंबरात टेनेसी राज्यातील नॅशव्हिलजवळ, आय-२४ या महामार्गावर झाली. बर्कली, व्हँडरबिल्ट, टेम्पल, रटगर्स आदी विद्यापीठांतील संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या, बहुतांशी निस्सान बनावटीच्या, शंभर मोटारी घेऊन त्यांच्या क्रूझ कंट्रोलवर आपला संगणकीय कार्यक्रम बसविला आणि सकाळी कामावर निघालेल्या लोकांच्या ओघात त्या सोडून दिल्या. सुकाणू भाडोत्री चालकांच्या हाती होते. वेग तेवढा यंत्राने ठरवावयाचा होता. पुढे काही मैलांवर रस्त्याची स्थिती काय आहे याची खबर दूरच्या संगणकाकडून येई, त्यावरून त्या पल्ल्यास योग्य असा वेग काढला जाई, आणि लगतच्या गाडीचे भान ठेवून मोटार तो अमलात आणी. त्याच रस्त्याच्या सुमारे सव्वाचार मैलांच्या टापूवर उंच खांबांवरून पावणेतीनशेहून अधिक कॅमेरे प्रत्येक गाडीचा माग काढीत होते. अशा चित्रीकरणातून काढलेल्या आलेखावर, आडव्या अक्षावर काळ आणि उभ्यावर अंतर घेतले असता, लाटा तिरप्या पट्ट्यांसारख्या एकामागून एक मागे सरकताना स्वच्छ दिसतात. ज्याला कोंडी आपल्या गाडीच्या काचेतूनच पाहण्याची सवय आहे त्याने हा आलेख एकदा अवश्य पाहावा. वर्तुळावरचा तो चमत्कार मात्र चार मार्गिकांच्या रस्त्यावर जशाच्या तसा घडेल, अशी अपेक्षा धरणे रास्त नव्हते.

या तंत्राविषयी दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, समंजस गाडीने पुढे अंतर सोडले की शेजारच्या मार्गिकेतला कोणी तरी त्यात घुसतोच. घुसतो, हे खरे. पण घुसणारा पुढे जाऊन त्याच लाटेत अडकतो, आणि अंतर सोडणाऱ्याचे त्यामुळे जाऊन जाऊन दोन सेकंद जातात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्या रस्त्याची एक मार्गिका तासाला सुमारे दोन हजार गाड्या वाहून नेऊ शकते, तिच्यावर अडीच हजार आल्या तर नुसती लाट विरविणारी कितीही शहाणी यंत्रे त्या उरलेल्या पाचशे गाड्यांना जागा निर्माण करून देऊ शकत नाहीत. थांबत-धावत जाणारी रांग सावकाश पण अखंड जाणारी रांग होईल, इंधन वाचेल, मागून आदळण्याचे अपघात कमी होतील, एकदा थांबलेल्या रांगेतून पुन्हा सुटताना रस्त्याची जी क्षमता वाया जाते ती वाचेल. घरी मात्र सगळेच लवकर पोचतील असे नाही. कारखानदारांच्या जाहिराती याबाबत गप्प असतात.

आपल्याकडे हे शास्त्र कितपत लागू करता येईल? एकामागून एक, एका रेषेत, अशी वाहतूक हे त्याचे गृहीतक. आणि ज्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, बस व ट्रॅक्टर मिळेल त्या फटीतून जातात तेथे 'पुढली गाडी' कोणती हेच ठरविता येत नाही. दुचाकींना मज्जाव असलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्यातल्या त्यात या गृहीतकाच्या जवळ येतो. बोरघाटाच्या चढावर जड ट्रक मार्गिकेची शिस्त सोडून एकमेकांना ओलांडू लागतात तेव्हा उत्पन्न होणारी कोंडी मायावी नसते, तिचे कारण डोळ्यांना दिसते. परंतु तिच्यातून निघालेल्या लाटा कित्येक किलोमीटर मागे जातात आणि तेथील चालकाला कोणतीही पूर्वसूचना नसते. या मार्गावर २०२४ सालापासून कॅमेऱ्यांच्या आधारे वेगभंगाचा व मार्गिकाभंगाचा दंड वसूल होऊ लागला आहे. जो कॅमेरा एका गाडीचा गुन्हा टिपतो त्याला गाड्यांची लाटही टिपता येते. म्हणून संबंधित खात्याने दंडाची पावती फाडण्याइतकीच तत्परता लाटेची खबर मागच्या पल्ल्यातील फलकांवर वेळीच लावण्यात दाखवावी. आणि फलकावर ६० हा आकडा उमटला असता, पुढे रस्ता मोकळा दिसत असूनही, वाचकाने तो मानावा.